पूर्वग्रह आणि पात्राचे अधिकार : बर्था मेसनच्या निमित्ताने

कादंबरीतील पूर्वग्रहाचा विचार करताना समीक्षक बहुधा लेखकाच्या मतांची झडती घेतो. लेखक वंशाभिमानी होता काय, स्त्रीविषयी त्याची दृष्टी अनुदार होती काय, असे प्रश्न विचारून तो निकाल देतो आणि थांबतो. या पद्धतीने लेखकाचे चरित्र उजळते वा डागाळते. पात्र कसे घडले हे मात्र कळत नाही. वस्तुतः कादंबरीत पूर्वग्रह शिरतो तो मतांपेक्षाही पात्रांना दिलेल्या आणि नाकारलेल्या अधिकारांच्या रूपाने. नाव, पूर्वायुष्य, वाणी आणि कृतीमागील कारण हे ते चार अधिकार होत. शार्लट ब्राँटे हिच्या ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीच्या आधारे हे विधान तपासून पाहावयाचे आहे.

गेट्सहेड येथील आश्रित, पोरकी जेन मारकुट्या मामेभावावर उलटते आणि तांबड्या खोलीत कोंडली जाते. घरच्या दासींना ती पिसाळलेल्या मांजरीसारखी वाटते. वाचकाला मात्र ती क्षणभरही तशी वाटत नाही. कारण आपली हकीकत जेन स्वतः सांगत आहे. पुढे थॉर्नफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर आणखी एक स्त्री कोंडलेली आढळते. ती म्हणजे रॉचेस्टरची जमेकातील पत्नी, बर्था मेसन. तीही अंगावर धावून जाते. परंतु ती पशू की मनुष्य हे ओळखू येऊ नये असेच तिचे वर्णन आहे. तिचे पूर्वायुष्य आपल्याला कळते ते रॉचेस्टरच्या तोंडून, आणि तेही स्वतःच्या समर्थनाची त्याला सर्वाधिक गरज असताना. तिचे एकही वाक्य वाचक प्रत्यक्ष ऐकत नाही. तिचा भाऊ सांगतो ती एक धमकी तेवढी तिच्या नावावर आहे. कोंडलेल्या स्त्रीचा प्रतिकार एके ठिकाणी स्वाभिमान ठरतो, दुसरीकडे पशुत्व. हा भेद कृतीत नाही; कृतीचे कारण सांगण्याच्या अधिकारात आहे.

येथे वर्ग, लिंग आणि वंश यांची गुंतागुंत ध्यानात घेतली पाहिजे. रॉचेस्टर हा धाकटा मुलगा. इस्टेट अखंड राहून थोरल्याकडे जावी, ही पित्याची इच्छा. म्हणून धाकट्याची सोय तीस हजार पौंडांच्या वधूने लावली जाते. विवाहित स्त्रीचे द्रव्य पतीचे होई, असा त्या काळचा इंग्लंडमधील कायदा होता. तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी पालटला. जेनला अखेरीस समान पायरीवरचा विवाह लाभतो, तो चुलत्याच्या वीस हजार पौंडांमुळे आणि बर्थाच्या मृत्यूमुळे. म्हणजे वर्ग आणि लिंग यांविषयीच्या पूर्वग्रहांशी झगडणारी ही कृती आपला शेवट वंशविषयक पूर्वग्रहाच्या आधाराने गाठते. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८५ साली याच दिशेने केलेली मांडणी सुपरिचित आहे.

याविषयी खुद्द ब्राँटेची साक्ष उद्बोधक आहे. बर्थाच्या चित्रणात करुणेला प्राधान्य हवे होते, पण भयानकता अधिक ठळक झाली, अशी कबुली तिने जानेवारी १८४८ च्या एका पत्रात दिली होती. लेखिकेच्या ठायी करुणा नव्हती, असे म्हणता येत नाही. तथापि पात्राला वाणी नसेल, तर करुणेला धरावयास काही उरत नाही.

डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीस हिने ‘वाइड सारगॅसो सी’ (१९६६) या कादंबरीत हेच अधिकार परत दिले. तिची नायिका अँट्वानेत. ‘बर्था’ हे पतीने लादलेले नाव. येथे पतीच अनामिक आहे. भावावरील हल्ल्यालाही कारण मिळते : पतिपत्नींमध्ये आपल्याला कायद्याने पडता येत नाही, असे तो म्हणतो आणि ‘कायदा’ या शब्दासरशी ती त्याच्यावर तुटून पडते. वेडाच्या झटक्याचे हे एका शब्दाने उत्तरात झालेले रूपांतर होय.

परंतु ऱ्हीसची कृतीही या कसोटीतून सुटत नाही. अँट्वानेतच्या आईला विवाहभेट म्हणून दिली गेलेली कृष्णवर्णीय क्रिस्तोफिन पतीला निर्भीडपणे सुनावते. मात्र मॅजिस्ट्रेटचा धाक दाखवताच ती कथेतून कायमची निघून जाते. गोऱ्या क्रिओल नायिकेला तिची कथा मिळते. क्रिस्तोफिनला केवळ एक प्रसंग.

प्रत्येक गौण पात्राला चारही अधिकार द्यावेत, ही अपेक्षा कलादृष्ट्या अवाजवी आहे, असा आक्षेप येईल. तो मान्य करूनही प्रश्न उरतोच. गौणत्व ही रचनेची गरज असू शकते. पण ते नेहमी त्याच वंशाच्या, त्याच वर्गाच्या माणसांच्या वाट्याला येत असेल, तर त्याला निव्वळ रचना म्हणता येणार नाही. मराठी कादंबरीच्या अभ्यासकाने ही कसोटी आपल्याकडेही लावावी. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्ये यमूला स्वतःची कथा सांगू दिली, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. त्या कथेत कोणाला बोलता आले नाही, हे शोधणे त्या मोठेपणाचा अधिक्षेप नव्हे. ते आपले राहिलेले काम आहे.