स्रोत खात्रीचा, पण वाचणारा?

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, असे दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारा. ४६ हे उत्तर मिळेल. १९५० साली हाच प्रश्न विचारला असता, तर जगातल्या उत्तमोत्तम पाठ्यपुस्तकांनी ४८ असे सांगितले असते. ही जुनी गोष्ट आठवण्याचे कारण म्हणजे सध्या आग्रहाने मांडली जाणारी एक सूचना. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांनी माहितीच्या प्रश्नांना फक्त विश्वसनीय स्रोतांतूनच उत्तरे द्यावीत, म्हणजे शाळांना ते निर्धास्तपणे वापरता येतील, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

सूचना वावगी नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधयंत्राने दिलेली उत्तरे काही वाचकांना आठवत असतील. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा, आणि रोज एक लहानसा दगड खा! पहिला सल्ला कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी गमतीने लिहिलेल्या मजकुरातून उचललेला होता, तर दुसरा एका विडंबनपत्रातून. यंत्राला थट्टा कळली नाही. असला कचरा बाहेर ठेवायला कोणाची हरकत असणार? पण कचरा बाहेर गेला की उत्तर आपोआप बरोबर येते, हा पुढचा निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

‘विश्वसनीय स्रोतांपुरते’ या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि जाहिरातीत त्यांची सर्रास सरमिसळ होते. एक अर्थ असा, की यंत्राला शिकवतानाच निवडक वाङ्मय द्यायचे. हा प्रयोग होऊन गेला आहे. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘गॅलॅक्टिका’ नावाची प्रणाली खुली केली. तिला शोधनिबंध, पाठ्यपुस्तके, व्याख्यानांची टिपणे असे जवळपास ४ कोटी ८० लाख दस्तऐवज शिकवले होते. तरीही ती नसलेले शोधनिबंध संदर्भ म्हणून देऊ लागली. अवकाशात गेलेल्या अस्वलांचा इतिहासही तिने गंभीर चेहऱ्याने लिहून दिला. तीन दिवसांत तिचे सार्वजनिक प्रात्यक्षिक बंद करावे लागले. कारण उघड आहे. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढेच असे यंत्र शिकते. शास्त्रीय ग्रंथांवर वाढलेले यंत्र चुकले, तरी शास्त्रीय भाषेत चुकते इतकेच.

दुसरा अर्थ अधिक कामाचा आहे. प्रश्न आला की आधी ठरावीक संग्रहात शोध घ्यायचा, सापडलेले उतारे यंत्रापुढे ठेवायचे आणि त्यांवरूनच उत्तर रचायला लावायचे. या पद्धतीने चुका घटतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या संपत नाहीत. अमेरिकेत वकिलांसाठी अशी साधने आहेत. कायद्याच्या संग्रहाइतका काटेकोर संग्रह दुसरा क्वचितच सापडेल. तरीही स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काही नामांकित साधने तपासली, तेव्हा त्यांची सुमारे १७ ते ३३ टक्के उत्तरे खोटी किंवा निराधार निघाली. कधी उतारा भलताच निवडला गेला, तर कधी पक्षकाराचा युक्तिवाद न्यायालयाचा निर्णय म्हणून सांगितला गेला. खाली संदर्भ दिलेला होताच! मला याचीच अधिक धास्ती वाटते. तळटीप नसलेल्या उत्तरावर विद्यार्थी निदान शंका तरी घेतो.

आता पुन्हा त्या ४८ कडे वळू. थिऑफिलस पेंटर या नामवंत संशोधकाने १९२३ मध्ये हा आकडा दिला. पुढची तीस-बत्तीस वर्षे तो छापला जात राहिला. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथून त्यो आणि लेवान यांनी, पेशी पसरवण्याची सुधारित पद्धत वापरून, ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. त्या निबंधातला एक उल्लेख विलक्षण आहे. त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशींवर काम सुरू केले होते आणि ते मध्येच थांबवले होते. कारण काय, तर सगळी ४८ गुणसूत्रे त्यांना सापडेनात!

त्या काळी विश्वसनीय स्रोतांपुरता मर्यादित सहायक असता, तर त्याने ४८ च सांगितले असते, आणि संदर्भांची यादीही निर्दोष असती. मर्यादा न घातलेल्या सहायकाचे उत्तरही तेच असते, हे खरे. तेव्हा दोष मर्यादेचा नाही. पण ‘विश्वसनीय’ हा शिक्का मारताना आकडा कोणी मोजला, कसा मोजला आणि केव्हा मोजला हे पुसले जाऊ नये. मराठीत अशी यादी करायला बसलो, तर पहिले नाव अर्थातच मराठी विश्वकोशाचे येईल. त्याचा पहिला खंड १९७६ चा. शनीच्या चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये एका फटक्यात १२८ ने वाढून २७४ झाली. जुन्या ग्रंथातला आकडा त्याच्या काळाचा असतो, त्यात ग्रंथाचा दोष नाही. सहायकाने उत्तरासोबत मूळ उतारा आणि त्याचे वर्ष दाखवावे आणि काही सापडले नाही तर तसे मोकळेपणाने सांगावे, ही मागणी आपण शिक्षकांनी करायला हवी. नुसत्या यादीवर समाधान मानू नये.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पेशी पाहत होतो. गुणसूत्रे सुटी दिसायला नशीबच लागते. एका मुलीला बऱ्यापैकी पेशी मिळाली. तिने तीनदा मोजून १५ म्हणून सांगितले आणि वहीत १६ लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाली, “सर, पुस्तकात १६ आहेत ना!” पुस्तक बरोबर होते. दोन गुणसूत्रे एकमेकांवर आडवी पडली होती. भिंग जरा वरखाली केल्यावर तिला ती वेगळी दिसली.