चौथा रकाना

अंतर्मुख गाणी, तीही मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा असलेली, यांची एक कॅसेट खारघरच्या तरुण मंडळींनी आमच्याकडे मागितली. कॅसेट म्हणजे आता फोनमधली यादी, अर्थात! गायक किंवा शब्द पाहून ही निवड होत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

‘मेरा नाम जोकर’ (1970) मधलं ‘जाने कहाँ गए वो दिन’ घ्या. मुकेश साधेपणानं, जवळजवळ बोलल्यासारखं गातात. कोसळतात ती व्हायोलिनं. माणूस तोंडानं जे कबूल करत नाही, ते त्याच्या पाठीमागून ऐकू येतं. अंतर्मुखता म्हणतात ती हीच ना? शंकर-जयकिशनांसाठी गळ्यामागची अशी दुसरी चाल लिहीत ते गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा. श्रेयनामावलीत ते ‘सहाय्यक’.

संगीत ठरावीक भावना सांगू शकत नाही, असं संगीतसमीक्षक हान्सलिकनं 1854 मध्ये ठणकावलं होतं. मान्य. पण गाण्यात शब्द असतातच; सुरांनी त्यांच्याशी थोडं फटकून वागावं, एवढंच लागतं. शब्दही रडतायत आणि व्हायोलिनंही, अशी गाणी आम्ही सरळ वगळली. (बरीच लाडकी गेली.)

मराठीत कसोटी आणखी कडक. ग्रेस यांच्या कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत ऐका. तिथे शब्दच पुरते हाती लागत नाहीत. वाद्यमेळ अर्थ समजावू लागला, तर कवितेचं ‘गाइड’ होतं.

आणखी एक. गाण्याखाली आपण कवी, संगीतकार, गायक लिहितो आणि थांबतो. अनिल मोहिले यांच्यासारखे संयोजक राहूनच जातात. म्हणून आमच्या यादीला चौथा रकाना आहे. तो भरल्याशिवाय गाणं घ्यायचं नाही, असं मंडळींना सांगितलंय. कुरकुर चालू आहे.