ओळ कुठे आहे?

नारायण सुर्वे यांची ‘दोन दिवस’ ही कविता 2018 साली आलेल्या दहावीच्या मराठी पुस्तकात आहे. तिच्या रसग्रहणाची उत्तरे महाराष्ट्रभर जवळजवळ एकाच साच्यातली मिळतील. ‘कामगाराच्या खडतर जीवनाचे वास्तव चित्रण कवीने प्रभावीपणे केले आहे, भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, मुक्तछंदामुळे कविता मनाला भिडते.’ यातले एकही विधान धड खोटे नाही. पण कवितेचे नाव झाकले, तर हे उत्तर सुर्व्यांच्या दुसऱ्या कुठल्याही कवितेला लागू पडते. त्यांच्यानंतर कष्टकऱ्यांवर लिहिणाऱ्या कुणाच्याही कवितेला सुद्धा.

आता कविता उघडून बघा. आयुष्य भट्टीतल्या पोलादासारखे शेकले गेले, असे सांगताना सुर्वे त्या शेकण्याला ‘छान’ म्हणतात. कवितेचा सगळा कडवटपणा या एका शब्दात साठला आहे, आणि नेमका तोच उत्तरांतून गळतो. उरलेले आयुष्य ते उन्हाळ्यांनी मोजतात. आपण एरवी वय सांगताना पावसाळे मोजतो. इथे डोक्यावर उन्हाळे आहेत. हात गहाण पडलेले आहेत आणि हिशोब चालू आहे, म्हणजे सावकाराच्या वहीतली भाषा प्रेमाच्या, चंद्राच्या, अश्रूंच्या भाषेत येऊन बसली आहे. आरंभीची ओळ शेवटी जशीच्या तशी परत येते. पहिल्यांदा ती तक्रारीसारखी वाटते, दुसऱ्यांदा जमाखर्चाच्या बेरजेसारखी. हे टिपायला सौंदर्यशास्त्र लागत नाही. ‘असे कशावरून म्हणतोस?’ एवढे विचारणारे कुणीतरी समोर लागते.

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही, यात मुलांचा दोष थोडा. पाठ्यपुस्तकात कवितेच्या आधी कवीच्या परिचयाची चौकट असते. जन्म, संग्रह, पुरस्कार झाले की ‘प्रस्तुत कवितेत’ने सुरू होणारे वाक्य येते, आणि त्यात कवितेचा आशय सांगून टाकलेला असतो. मूल कविता वाचायच्या आधी उत्तर वाचते. मग गाईडमध्ये आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मथळे. मथळे मुळात चुकीचे नाहीत. पण आशय एका परिच्छेदात आणि भाषा तिसऱ्यात अशी वाटणी केली, की ‘छान’ या शब्दाला जागाच उरत नाही, कारण तो एकाच वेळी आशयही असतो आणि भाषाही. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, ‘स्वमत’ आले, तेव्हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात स्वमताचीही तयार उत्तरे छापून आली. पुढ्यात गठ्ठा घेऊन बसलेला तपासनीस मुद्दे शोधतो, मुद्दा दिसला की गुण देतो. ओळीचा आधार दिल्याबद्दल वेगळा गुण नाही आणि न दिल्याबद्दल कापायची पद्धत नाही. मग कोण कशाला आधार देईल?

इंग्लंडमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव आणि काळ काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले. 1929 साली त्याचे पुस्तक झाले. नाव काढून घेतल्यावर चांगली शिकलेली मुलेसुद्धा कशी चाचपडतात, हे त्यातून उघडे पडले. आपल्या एखाद्या एम. ए.च्या वर्गात हा प्रयोग करून पाहावा. निकालाबद्दल मला फारशी उत्सुकता नाही, अंदाज आहे.

मराठीला पुराव्याची सवयच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या माणसामाणसाकडे जाऊन, आठवणी पारखून घेत. आणि महानुभावांच्या पोथ्यांत आठवणींतले फरक नोंदवून ठेवण्याची रीत पडली. एकनाथांनी 1584 साली, म्हणजे शके 1506 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तिच्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत अशी ताकीद देऊन ठेवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारका’त लिहून खळबळ उडवली, की ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानेश्वर या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण भांडण कशावर झाले ते पाहण्यासारखे आहे. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अलीकडची का? अभंग विठ्ठलाने भरलेले असताना ज्ञानेश्वरीत तो का सापडत नाही? यावर उत्तर आले तेही पुराव्याच्याच पातळीवर: अभंग तोंडोतोंडी गायले गेले, म्हणून गाणाऱ्यांबरोबर त्यांची भाषा बदलत गेली, ज्ञानेश्वरी पोथीत राहिली.

म्हणजे ‘कुणी लिहिले’, ‘कधी लिहिले’, ‘मूळ पाठ कोणता’ या प्रश्नांना मराठी माणूस कसून उत्तर देतो. ‘याचा अर्थ काय’ आणि ‘हे चांगले कशाने’ हे प्रश्न आले की तोच माणूस एकदम भाविक होतो, नाहीतर वक्ता. आपल्या समीक्षेचा खरा आजार मला इथे दिसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बालकवींचे ‘औदुंबर’. आठ ओळींची कविता. तिच्यावर मराठीत जेवढे लिहिले गेले, तेवढे खंडकाव्यांवरही क्वचितच. कोणी तिला नुसते निसर्गचित्र म्हटले, कोणाला तिच्यात उदासीनतेचा तळ दिसला, कोणाला ध्यानस्थ योगी, कोणाला मृत्यूची चाहूल. बालकवी 1918 साली, सत्तावीस वर्षांचे असताना, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. ही घटना माहीत असलेला वाचक कवितेतल्या काळ्या डोहापाशी आला की थबकतो, आणि त्याच्याही नकळत डोहात रेल्वेचा रूळ दिसू लागतो. हा पुरावा नव्हे. कविता लिहिताना कवीला आपला मृत्यू ठाऊक नव्हता, एवढी साधी गोष्ट आपण विसरतो.

मग मृत्यूचे वाचन टाकूनच द्यायचे का? मला तसे वाटत नाही, पण त्याने आपला आधार कवितेतून मिळवला पाहिजे. तो थोडाफार मिळतो. कवितेतले रंग क्रमाने लावून पाहा: हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरी वाट, आणि ती जाते काळ्याकडे. नजर आधी लांबवर फिरते, पैल टेकडीकडच्या गावापर्यंत पोहोचते, आणि मग वाटेला धरून खाली, जवळ, अरुंद होत येते. गाव आहे, शेते आहेत, वाट आहे, म्हणजे माणसांच्या खुणा सगळीकडे आहेत. माणूस मात्र एकही नाही. पाय आहेत ते झाडाला. बसले आहे ते झाड. माणसांची वाट जिथे संपते तिथे माणसासारखे एकटेच कोणीतरी बसले आहे, इथपर्यंत कविता स्वतः आपल्याला आणून सोडते.

आणि याच वाचनाला कविता आडवीही येते. पाण्यावर पसरणाऱ्या काळिम्याला कवीने ‘गोड’ म्हटले आहे. मृत्यूचे, भयाचे, विषादाचे वाचन करणाऱ्याला हा शब्द गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. बरेच जण तो न पाहिल्यासारखा करून पुढे जातात. निसर्गचित्रवाले त्याच्यावर आनंदाने बोट ठेवतात, पण मग त्यांना माणसांच्या अनुपस्थितीकडे डोळेझाक करावी लागते. माझ्या मते चांगले उत्तर तेच, जे आपल्याला गैरसोयीची ओळ स्वतःहून पुढे आणते. आपल्या बाजूच्या चार ओळी कुणीही जमवतो. विरुद्ध जाणारी पाचवी मांडून तिच्यासकट विधान उभे राहते का, हे पाहणारे लेखन मराठीत थोडे आहे.

थोडे आहे, पण जे आहे ते पहिल्या प्रतीचे. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘पासंग’मधले लेख आजही वाचावेत ते त्यांच्या संयमासाठी, विधान किती लांबीचे करावे हे त्या पुराव्याची लांबी पाहून ठरवतात. विजया राजाध्यक्ष यांनी ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ या ग्रंथात (त्याला 1993 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) दुर्बोध म्हणून बदनाम झालेल्या कवितेचा धीराने, बारकाईने अभ्यास केला. तो ग्रंथ कोणी सलग वाचत असेल असे वाटत नाही; पण मर्ढेकरांवर बोलायचे तर त्याला वळसा घालून जाता येत नाही.

म. वा. धोंड यांचे प्रकरण निराळे. ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ (साहित्य अकादमी, 1997) लिहिणाऱ्या या माणसाला ओवीतला दाखला म्हणजे त्या काळच्या प्रत्यक्ष जगण्यातली वस्तू आहे, हे कळले होते. उपमेत आलेली वस्तू मुळात कशी दिसत असेल, कशी वापरत असतील, हे समजल्याशिवाय उपमा समजली असे ते मानत नाहीत. अशी कडक शिस्त मराठीत दुसऱ्या कुणाची मला आठवत नाही. पण हेच धोंड मर्ढेकरांकडे वळले की कवितेचे कोडे करतात आणि कोडे सुटल्याच्या आनंदात पुरावा ताणतात. प्रत्येक प्रतिमेला एक निश्चित उत्तर असलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट दिसतो. वाचताना मजा येते, नंतर खटकते. पुराव्याची हाव ही पुराव्याच्या अभावाइतकीच वाचनाला मारक ठरू शकते, हे धोंडांकडून शिकता येते.

कादंबरीच्या बाबतीत घोटाळा वेगळाच होतो. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर काही बोलला, की ते नेमाड्यांचे मत म्हणून उद्धृत होते. 1963 पासून हे चालू आहे. सांगवीकर स्वतःबद्दल किती खरे बोलतो, कुठे फुशारकी मारतो, कुठे लपवतो, हे तपासल्याशिवाय त्याचे वाक्य कशाचाही पुरावा होत नाही. फार तर सांगवीकर असे बोलला याचा होतो. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगमंचावर आले, तेव्हा नाना फडणवीस खरे कसे होते यावर रान उठले. नाटकाविषयीच्या प्रश्नाला इतिहासाची साक्ष काढली गेली. नाटक कसे रचले आहे, रंगमंचावर उभी राहणारी माणसांची रांग तिथे काय करते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

विद्यापीठांत पुराव्याचा तुटवडा नाही, पूर आहे. प्रबंधाच्या पानापानावर अवतरणे असतात, फक्त ती कवितेतली किंवा कादंबरीतली नसतात. अमुक समीक्षक म्हणतात, तमुक समीक्षक म्हणतात, आणि शेवटी ‘वरील विवेचनावरून स्पष्ट होते’. काय स्पष्ट होते, हे मौखिकीत कुणी विचारत नाही. दृष्टिकोन आधी ठरतो, मग त्याला पुष्टी देणाऱ्या ओळी शोधल्या जातात. दलित कविता असेल तर विद्रोह, ग्रामीण कादंबरी असेल तर मातीचा गंध. ज्या कवितेत विद्रोह नाही, नुसती थट्टा किंवा थकवा आहे, ती प्रबंधात येतच नाही. 2018 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले आणि त्यापुढे कारवाई ठेवली. त्यातून फार तर चोरी पकडली जाईल. ज्या वाक्यात दुसऱ्याचे काही नाही आणि स्वतःचेही काही नाही, ते या गाळणीतून सुखरूप पार पडते.

आता त्यात बोलकी यंत्रे आली आहेत. कवितेचे नाव टाकले की क्षणात रसग्रहण हजर. गाईडपेक्षा त्याची भाषा बरी असते, आणि तुकोबांच्या नावावर गाथेत कुठेही नसलेली ओळ देण्याचा आत्मविश्वासही त्याच्याकडे असतो. तुकोबांच्या नावावर कुणाचेही काहीही खपवण्याची चाल यंत्राने आणलेली नाही. व्हॉट्‌सअ‍ॅपवर कुसुमाग्रज आणि पु. ल. रोज नव्याने लिहीतच असतात. फरक इतकाच, की आधी शिक्षकाला उत्तर घोकलेले आहे का हे ओळखावे लागे, आता ओळ अस्तित्वात आहे का हेही बघावे लागते. त्यासाठी गाथा हाताशी हवी, कोणती आवृत्ती ते सांगता आले पाहिजे, कारण आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात. अभंग-क्रमांक आणि आवृत्ती नसलेले तुकोबांचे अवतरण तपासनिसाने सरळ खोडावे. सुरुवात तिथून करता येईल, आणि तिला मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.