पाळीव प्राणी आणू नयेत

मी कॉमर्सचा पदवीधर. समीक्षा हा आर्ट्सवाल्यांचा प्रांत. तिथे शिरायचं तर खिशात निदान पाच-सहा असे शब्द असावे लागतात, की जे वाचून वाचकाने आदराने मान डोलवावी आणि पान उलटावं. माझ्याजवळ ते नाहीत. पण गेली बावीस वर्षं मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतो आहे. स्लिपवर आकड्यात एक आणि अक्षरात भलतंच लिहिलेलं असलं, की माझी नजर बरोबर तिथे जाते. समीक्षा म्हणजे तरी याहून वेगळं काय असतं? लेखकाने आकड्यात काय मांडलं, अक्षरात काय मांडलं, आणि दोन्ही जुळतात का, ते पाहायचं. तेव्हा आज मी महाभारतातला एक प्रसंग तपासायला घेतला आहे. व्यासांनी राग मानू नये. हिशेब हिशेबाच्या जागी.

प्रसंग सतराव्या पर्वातला, महाप्रस्थानिक पर्वातला. अठरा पर्वांच्या त्या अवाढव्य लेजरमधलं हे चिमुकलं पान. आमच्या पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 साली जी चिकित्सित आवृत्ती पुरी केली, तिच्यात हे पर्व अवघ्या तीन अध्यायांचं आहे. पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा एक कुत्रा, असे सात जण हस्तिनापुराहून निघतात. हा कुत्रा कुणाचा, त्याला कुणी बोलावलं, याचा खुलासा नाही. तो आपला मागे लागतो. हिमालयापलीकडे गेल्यावर आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर मागे वळून न बघता एकेकाच्या पडण्याचं कारण सांगत पुढे जातो. शेवटी उरतात दोघंच. तेवढ्यात इंद्र रथ घेऊन हजर होतो आणि म्हणतो, बस. युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्राही येईल. आणि इंद्र, साक्षात देवांचा राजा, एखाद्या विश्रामगृहाच्या केअरटेकरच्या आवाजात सांगतो, की कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही.

याहून जुनी अशी पाटी निदान माझ्या वाचनात नाही.

पुढची वादावादी मुळातून वाचण्यासारखी आहे. इंद्र आधी गोडीने घेतो. तुला एवढं मोठं पद मिळालंय, कुत्रा सोडून दे, त्यात काही क्रूरपणा नाही. मग नियमावर येतो. कुत्रेवाल्यांचं पुण्य क्रोधवश नावाचे देव काढून घेतात, म्हणजे डिपॉझिट जप्त. शेवटी तो बोचरं बोलतो. भाऊ टाकलेस, बायको टाकलीस, मग या कुत्र्याचंच एवढं काय? यावर युधिष्ठिराचं उत्तर असं, की ते मेले होते. त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना टाकलं नाही.

सगळ्या महाभारतात युधिष्ठिर मला एवढा कधीच आवडला नाही.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ. वडील रात्री जेवणं झाल्यावर सांगायचे, तसं मीही माझ्या मुलाला सांगायचो. आमचा मोत्या तेव्हा पायाशी पडलेला असे. आपल्याच जातभाईची थोरवी ऐकतोय असा भाव त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही. पण कथेत चुकून बिस्किटाचा उल्लेख आला तर कान उभे राहत. हा मोत्याही आम्ही पाळलेला नव्हता. 2006 च्या पावसाळ्यात भाजी घेऊन येताना तो माझ्या मागे लागला, तो थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. दार लावायच्या आत तो आत होता.

2017 च्या डिसेंबरात आम्हाला महाबळेश्वरचं हॉलिडे होम मिळालं. बँकेच्या हॉलिडे होमसाठी लागोपाठ तीन वर्षं अर्ज केल्यावर जे मिळतं, त्याला सहल म्हणत नाहीत, फळ म्हणतात. सर्क्युलरमध्ये अकरावा नियम होता, की सोबत पाळीव प्राणी आणू नयेत. एरवी मोत्याला सांभाळणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकू मुलीकडे नागपूरला गेल्या होत्या. परक्या ठिकाणी ठेवलंत तर या वयात तो अन्न सोडील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“अहो, नियम वाचलात ना?” हिने विचारलं.

“वाचला. ‘आणू नयेत’ असं आहे. अनेकवचन आहे. आपला एकच आहे.”

बँकेतल्या माणसाला नियम मोडायचं धाडस होत नाही. पण तो कुठपर्यंत वाकतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मेहुण्याची गाडी घेतली. पसरणीच्या घाटात मोत्याने मेहुण्याच्या सीट कव्हरवर आपला निषेध नोंदवला. पोचलो तेव्हा रात्रीचे आठ झाले होते आणि थंडी मी म्हणत होती. मोत्यावर शाल टाकून मी ऑफिसात गेलो. केअरटेकर पन्नाशी उलटलेले, कानटोपी घातलेले, सगळे त्यांना मामा म्हणत. टेबलावर रजिस्टर, भिंतीवर अकराव्या नियमाची पाटी, आणि तिच्या बरोबर वर दत्ताची तसबीर. तीन शिरं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री.

“सोबत कोण कोण?”

“दोघं मोठी, एक लहान.”

मामांनी पेन टेकवलं आणि बाहेर गाडीत शाल शिंकली.

“सायेब, ते काय हाय?”

“शाल.”

“शाल शिंकती व्हय?”

मग मामांनी मला नियम सांगितला. “माज्या हातात न्हाय सायेब. वरनं कवा बी तपासणी येती. रूममदी न्हाय चालायचं.” मी युक्तिवाद म्हणून तसबिरीकडे बोट केलं. “मग मामा, हे चौघं कोण?”

मामांनी वर बघायचीही तसदी घेतली नाही. “ते चार येद हायती.”

आता काय करायचं हे मला तोंडपाठ होतं. असं ऐश्वर्य मला नको, म्हणायचं, आणि गाडी वळवायची. पण तीन वर्षांनी मिळालेली खोली, भरलेले पैसे, घाटाने आंबलेली हिची पाठ, पेंगुळलेलं पोर, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. युधिष्ठिराला वळवायला इंद्राने तीन मुद्दे मांडले, तरी तो वळला नाही. मला मामांचा एकच पुरला. “बरं,” मी म्हटलं, “मागच्या पडवीत बांधतो.” दोरी आणली, गोणपाट आणलं, वर माझा जुना स्वेटर टाकला. मुलगा शेजारी उभा होता. तो रडला नाही, भांडला नाही. एवढंच म्हणाला, “पण बाबा, मोत्या तर जिवंत आहे ना?”

मुलांना गोष्टी सांगताना जपून सांगाव्यात.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि माझी ही समीक्षा जन्माला आली. शेजारच्या खोलीत आमचेच चार बंधू आले होते. त्यांच्याकडे पाळीव प्राणी नव्हते, त्यामुळे त्यांचा प्रवेश नियमानुसार होता. रात्री दोनपर्यंत बाटल्या, पत्ते आणि गाणी चालू होती. मला एकदम अठरावं पर्व आठवलं. युधिष्ठिर स्वर्गात जातो आणि पाहतो, तर समोर झगमगत्या आसनावर दुर्योधन! कुत्र्याला मज्जाव असलेल्या जागेत आत कोण कोण असतं, हे व्यासांनी लगेच पुढच्याच पर्वात दाखवून ठेवलंय. योगायोग म्हणून मी ते सोडून द्यायला तयार नाही.

पण व्यासांशी माझा खरा वाद आहे तो कुत्र्याच्या शेवटाबद्दल. या प्रसंगात इंद्र हरला असं आपण समजतो. तो हरत नाही. वाद ऐन रंगात आल्यावर कुत्रा एकदम धर्म होतो, यमधर्म प्रसन्न होतो, द्वैतवनात यक्षासमोर तू नकुलाचा जीव मागितलास त्याची आठवण काढतो, आणि सगळे आनंदाने रथात बसतात. छान आहे. पण रजिस्टर तपासा. स्वर्गात कुत्रा आलाच नाही! कुत्रा खात्याला नावे, धर्म खात्याला जमा, बाकी शून्य. नियम जसाच्या तसा राहिला. बँकेत एखादी अडचणीची रक्कम अशीच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतात, आणि ऑडिटर खूश होऊन चहा घेतो.

आणि हे एकट्या व्यासांचं नाही. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. तो कुत्रा विठ्ठल निघाला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात. ते वेद निघाले. आपल्याकडे कुत्र्याला आत घ्यायचं, तर त्याने आधी दुसरं कुणीतरी निघावं लागतं. नुसता कुत्रा निघाला तर त्याची सोय पडवीत.

युधिष्ठिराकडे मात्र यातलं काही येत नाही. त्याने वाद घातला तेव्हा समोर कुत्राच होता. तो पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं. त्याची जमेची बाजू पैशाने कमी होत नाही. आणि व्यासांनाही ही गोम कळत होती, असा मला संशय आहे. कारण त्यांनी महाभारताच्या सुरुवातीलाच, आदिपर्वात, दुसरा एक कुत्रा आणलाय. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करत असताना सरमेचं पोर तिथे येतं आणि राजाचे तीन भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काहीतरी आगळीक केली असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटलं तर नाहीच. मग सरमा थेट यज्ञमंडपात जाऊन विचारते, माझ्या पोराने काही केलं नाही, मग त्याला का मारलंत? तिला कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते, की तुझ्यावर अचानक भय कोसळेल.

अकराव्या नियमाचं यथार्थ रसग्रहण इथे आहे. पाटीसुद्धा हेच करते. मोत्या आत गेला असता तर कदाचित त्याने गादी खराब केली असती, कदाचित केली नसती. शेजारच्या चौघांनी ती नक्कीच केली होती. पण शिक्षा आगळीक व्हायच्या आधी, आणि फक्त कुत्र्याला. पहिल्या पर्वात मार खाल्ला तो खरा कुत्रा होता, सतराव्यात मान मिळाला तो धर्माला. म्हणून माझ्या मते हा ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही.

इतका खोल विचार झाल्यावर माणसाने झोपायला हवं. पण पडवीतून आवाज नव्हता. मोत्या भुंकला असता, रडला असता, तर मला बरं वाटलं असतं. तीन वाजता मी शाल घेऊन मागे गेलो. दोरी होती, गोणपाट होतं. मोत्या नव्हता.

पोटात गोळा आला. कोपऱ्यातल्या मामांच्या खोलीत दिवा दिसला, म्हणून तिकडे धावलो. दार लोटलेलं होतं. मोत्या मामांच्या घोंगडीवर पसरून घोरत होता, आणि मामा खाटेवर पाय वर घेऊन, भिंतीला टेकून जागे बसले होते.

“खोल्यान्ला नियम हाय सायेब,” मला बघून ते म्हणाले. “ही काय खोलीत येत न्हाय. आन थंडी लय हाय.”

“मामा, तुम्हाला कुत्र्यांची आवड दिसते.”

“न्हाय बा! मला लय भ्या वाटतं कुत्र्याचं. ल्हानपनी चावलंय.”

“मग?”

“म्हातारं हाय. तोंडाकडं बगत बसलं व्हतं. काय करायचं?”

मी दारात दोन मिनिटं उभा राहिलो. मोत्याचा काही धर्म झाला नाही. त्याने एक डोळा उघडला, जांभई दिली आणि पुन्हा घोरायला लागला. शेजारी मामांची एक चप्पल कुरतडून पडली होती. पुढच्या दोन्ही रात्री तो तिथेच झोपला, आणि मामा दोन्ही रात्री पाय वर घेऊन बसले. निघताना चपलेचे पैसे त्यांनी घेतले. वर काही घ्यायला तयार झाले नाहीत.

मग त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. स्वच्छता, पाणी, कर्मचाऱ्यांची वागणूक, सूचना, असे चार रकाने होते. मी पेन उघडलं आणि माझी पंचाईत झाली. वागणुकीच्या रकान्यात जे लिहिण्यासारखं होतं, ते लिहिलं असतं तर आठवड्याच्या आत मामांना मेमो मिळाला असता. व्यासांचे दोष काढणाऱ्या समीक्षकाने तिथे लिहिलं, की वागणूक समाधानकारक. सूचनांमध्ये लिहिलं, की गिझर दुरुस्त करावा. मामांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मोत्या 2019 साली घरीच, माझ्या पायाशी गेला. मामा 2021 साली निवृत्त झाले. आता कुणाला मेमो जायचा धोका नाही, म्हणून अपुरी राहिलेली ती एन्ट्री आज पुरी करतो. वागणूक: कुत्र्याला, तो कुत्रा असतानाच, आत घेतलं.

गिझर मात्र अजून दुरुस्त झालेला नाही, असं परवा जाऊन आलेला एक सहकारी सांगत होता.