आवारात जन्मलेला ऑपेरा

ब्लूमिंग्टन हे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले सुमारे 80 हजार वस्तीचे गाव. या गावात 1,400हून अधिक आसनांचे ऑपेरागृह आहे, आणि त्याच्या रंगमंचाची, तांत्रिक सोयींची तुलना थेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराशी केली जाते. हे गृह नगरपालिकेचे नाही, कुणा धनिक मंडळाचेही नाही. ते इंडियाना विद्यापीठाचे 'म्युझिकल आर्ट्स सेंटर' आहे. गाणारे विद्यार्थी, वाजवणारे विद्यार्थी, आणि तिकीट काढून ऐकायला येणारे गावकरी.

जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे 80 ऑपेरागृहे आहेत. तिथला तरुण गायक एखाद्या मध्यम शहरात करारावर नोकरीला लागतो आणि छोट्या भूमिका करत करत मोठ्या भूमिकांपर्यंत पोचतो. अमेरिकेत ही शिडीच नाही. मोठी गृहे मोजकी, तीही मुख्यतः खासगी देणग्यांवर तगलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पोकळी विद्यापीठांनी भरून काढली आणि त्यांच्या अंगावर एकदम दोन कामे आली: गायक घडवायचे आणि गावाला ऑपेरा ऐकवायचा. एका प्रयोगात दोन्ही आपोआप साधतात, असे बहुतेक संगीत विभाग धरून चालतात. गेल्या 80 वर्षांचा हिशेब मात्र तितका सरळ नाही.

इंडियानात या कामाचा पाया विल्फ्रेड बेन यांनी घातला. 1947मध्ये ते संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठाचे ऑपेरा थिएटर सुरू झाले. 1949पासून जवळपास दोन दशके इथे दरवर्षी वाग्नरच्या 'पार्सिफल'चा प्रयोग होत असे. चार तासांहून लांब, संथ आणि गायकांचा कस पाहणारी ही कृती. व्यावसायिक संस्थाही ती जपून हाती घेतात. इथे ती गावाच्या वार्षिक रिवाजाचा भाग झाली. 1968मध्ये जुना ईस्ट हॉल आगीत जळाला, आणि 1972मध्ये नवे गृह उघडले तेही जॉन ईटन या समकालीन संगीतकाराच्या 'हेराक्लिझ'ने. 1981मध्ये मार्टिनूच्या 'द ग्रीक पॅशन'चा अमेरिकेतला पहिला प्रयोग करून विद्यार्थ्यांनी तो मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर नेला.

असे धाडस विद्यापीठाला परवडते, त्याचे कारण अर्थशास्त्रात आहे. व्यावसायिक संस्थेला समूहगायनाचा प्रत्येक गळा आणि वाद्यवृंदाचा प्रत्येक हात पगारावर ठेवावा लागतो. म्हणून नवी कृती करायची झाली की आधी पात्रे कमी होतात, मग वाद्ये. विद्यापीठात ही माणसे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून येतात. शिवाय नवा प्रयोग पडला तरी संस्था बुडत नाही.

प्रयोग पडलेही. 5 मे 1941 रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या छोट्या नाट्यगृहात बेंजामिन ब्रिटन आणि कवी ऑडेन यांचा 'पॉल बनियन' रंगला. समीक्षकांनी तो झोडपला आणि ब्रिटनने तीसेक वर्षे तो बासनात बांधून ठेवला. पण चारच वर्षांनी त्याच ब्रिटनचा 'पीटर ग्राइम्स' लंडनमध्ये आला आणि इंग्रजी ऑपेराचा इतिहास बदलला. त्याच कोलंबियाने 1946मध्ये मेनोत्तीचा 'द मीडियम' केला. तो वर्षभरात ब्रॉडवेवर गेला. 1947मध्ये व्हर्जिल थॉमसन आणि गर्ट्रूड स्टाइन यांचा 'द मदर ऑफ अस ऑल' आला. नायिका होती स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली सुसान अँथनी. सहा वर्षांतल्या या तीन कृतींपैकी एक पडली, एक धंद्याला चालली आणि एक अमेरिकन ऑपेराच्या अभ्यासात कायमची शिरली.

यातले सर्वात बोलके उदाहरण फ्लोरिडातले. टॅलाहासीच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या 28 वर्षांच्या कार्लाइल फ्लॉइडने टेनेसीतल्या धर्मभीरू खेड्याची गोष्ट लिहिली. अफवेच्या बळावर गाव एका निरागस मुलीला वाळीत टाकते. फेब्रुवारी 1955मध्ये विद्यापीठातच 'सुझॅना'चा पहिला प्रयोग झाला. सेनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शोधाच्या काळातल्या प्रेक्षकाला संशयाचा हा खेळ समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या वर्षी ती न्यूयॉर्क सिटी ऑपेरात पोचली, मेट्रोपॉलिटनमध्ये जायला मात्र 1999 उजाडले. तिथे नायिका रेने फ्लेमिंग होती. तिचे स्वतःचे शिक्षण न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठात सुरू झालेले. पण टॅलाहासीच्या त्या पहिल्या प्रयोगात मुख्य भूमिका फिलिस कर्टिन आणि मॅक हॅरेल या पाहुण्या व्यावसायिक गायकांनी केल्या होत्या. गावाला अव्वल प्रयोग मिळाला, संगीतकाराला नाव मिळाले, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला मुख्य भूमिका सोडून उरलेले काम आले.

कृष्णवर्णीय संगीतकारांच्या बाबतीत तर या आवारांनी मोठ्या गृहांचा अन्याय थोडाफार भरून काढला. स्कॉट जॉपलिन 1917मध्ये वारला. त्याचा 'ट्रीमोनिशा' संपूर्ण रूपात रंगमंचावर यायला 1972 उजाडले, आणि अटलांटातल्या त्या प्रयोगामागे तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाच्या जोडीने मोरहाउस कॉलेज होते. विल्यम ग्रँट स्टिलचा 'अ बायू लेजेंड' 1941च्या सुमारास लिहून तयार होता. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या 'ऑपेरा/साउथ'ने तो 1974मध्ये प्रथम सादर केला.

शिक्षण आणि गावासाठीचा प्रयोग एकत्र साधण्यातली खरी अडचण गळ्याची आहे. ऑपेराचा गायक मायक्रोफोनशिवाय, पन्नास-साठ वाद्यांवरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. ही ताकद सहसा तिशीच्या आसपास येते. वेर्दी आणि वाग्नरच्या जड भूमिकांना तर आणखी उशिरा. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला मोठ्या गृहात 'तोस्का' गायला लावली, तर गावाची संध्याकाळ रंगेल; आवाजाला मात्र इजा होऊ शकते. म्हणून जाणते शिक्षक मोझार्ट आणि हेंडेलकडे वळतात. एका कृतीला दोन गायकसंच नेमतात, त्यामुळे गळ्यावरचा ताण निम्मा होतो आणि संधी दुप्पट. गायन विभागांत मुलींची, त्यातही सोप्रानो आवाजांची संख्या जास्त असते. पुच्चिनीचा 'सुओर आंजेलिका' किंवा पुलँकचा जोगिणींच्या मठावरचा ऑपेरा महाविद्यालयांत वारंवार का दिसतो, याचे उत्तर बरेचसे या हजेरीपटात सापडते.

भाषेचा प्रश्न कमी चर्चिला गेला. पूर्वी अनेक आवारांत परभाषेतले ऑपेरा इंग्रजी भाषांतरात गायले जात. 1983मध्ये टोरोंटोत रंगमंचाच्या वर भाषांतर झळकवण्याची सोय सुरू झाली आणि मूळ भाषेत गाण्याचा प्रघात पसरला. विद्यार्थ्याला ते हवेच होते, कारण पुढे चाचणीत त्याची इटालियन आणि जर्मन तपासली जाणार. गावातल्या प्रेक्षकाची नजर मात्र गाणाऱ्या चेहऱ्यावरून वरच्या पट्टीकडे गेली. मेनोत्तीचा 'अमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' आजही महाविद्यालयांत आणि चर्चमध्ये होतो, कारण तो मुळात इंग्रजीत आहे, तासाभरात संपतो, आणि त्याचा नायक एक लहान मुलगा आहे. दूरदर्शनसाठी लिहिलेल्या या कृतीचा रंगमंचावरचा पहिला प्रयोग फेब्रुवारी 1952मध्ये ब्लूमिंग्टनलाच झाला होता. ब्लूमिंग्टननेच त्याआधी, 1948मध्ये, कुर्ट वाइलचा लोकगीतांवर बेतलेला 'डाउन इन द व्हॅली' प्रथम केला. तो हौशी, गाणे न शिकलेल्या गळ्यांना पेलेल असाच रचलेला होता. गायकाचे वय आणि गावाची भाषा, दोन्ही गृहीत धरून केलेले असे लेखन नंतर विरळ झाले.

आज गायकाची खरी शर्यत पदवीनंतर, मोठ्या गृहांच्या प्रशिक्षण योजनांच्या दारात असते. तिथे मोझार्टच्या 'फिगारो'मधली सुझाना गायल्याचा अनुभव विचारला जातो; नव्या कृतीतल्या अनोळखी भूमिकेला तिथे तेवढा भाव नाही. संगीत विभाग त्याप्रमाणे हंगाम आखतात आणि तीच आठ-दहा नावे फिरत राहतात. नव्या कृती होत नाहीत असे नाही. शुलामित रान यांचा 'अॅन फ्रँक' मार्च 2023मध्ये ब्लूमिंग्टनलाच प्रथम झाला. पण नव्या ऑपेराला पहिल्या प्रयोगापेक्षा दुसरी निर्मिती मिळणे जास्त अवघड असते.

त्यावर निघालेला एक मार्ग संगीतकार जेक हेगीच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्ये दिसतो. ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेरा संस्था आणि इंडियाना विद्यापीठ यांनी तो मिळून लिहवून घेतला. 2016मध्ये ह्यूस्टनला पहिला प्रयोग झाला, 2017मध्ये ब्लूमिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी तो गायला, आणि सॅन फ्रान्सिस्कोची पाळी त्यानंतर 2018मध्ये आली. नव्या भूमिका विद्यार्थ्यांच्या गळ्यात बसल्या, गावाला इंग्रजीतली, चित्रपटामुळे ओळखीची गोष्ट मिळाली आणि कृतीला तीन वर्षांत तीन घरे मिळाली. मात्र अशा भागीदारीला इंडियानाएवढे गृह आणि तेवढाच पैसा लागतो. चाळीस विद्यार्थ्यांच्या संगीत विभागाला पियानोच्या साथीवर करता येईल अशी, तीन-चार महाविद्यालयांनी मिळून लिहवून घेतलेली तासाभराची कृती जास्त उपयोगाची. वाइल आणि मेनोत्ती यांनी तिचा नमुना सत्तर वर्षांपूर्वीच घालून दिला आहे, आणि त्या मापाची मागणी आज फार थोडी आवारे करतात.