दोनदा गेला, दोनदा परतला

या पानांवर एरवी आपली कीर्तने, जुनी गाणी, आठवणी असा मजकूर येतो. आज मी एका अमेरिकन रॉक बँडच्या गिटारवादकावर लिहीत आहे, म्हणून कोणी भुवया उंचावतील. मला स्वतःला हे संगीत माझ्या मुलामुळे ऐकावे लागले. पुढे मात्र मी ते आपण होऊन ऐकू लागले. त्याचे कारण सुरांइतकेच माझ्या पेशातही आहे. पस्तीस वर्षे वॉर्डात काढल्यावर माणूस आजारी केव्हा असतो आणि बरा केव्हा होतो, हे कानालाही कळू लागते.

बँडचे नाव रेड हॉट चिली पेपर्स आणि वादकाचे नाव जॉन फ्रुशांते. पण त्याची गोष्ट आपल्या हैफापासून सुरू होते. बँडचा पहिला गिटारवादक हिलेल स्लोव्हाक याचा जन्म 1962 साली हैफात झाला. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला. पहिली गिटार त्याला बार मित्स्वाला मिळाली. चिली पेपर्स हा त्याला सुरुवातीला फावल्या वेळचा उद्योग वाटत होता. म्हणून आपल्या दुसऱ्या बँडसाठी त्याने तो सोडला, आणि 1984 ची पहिली रेकॉर्ड त्याच्याशिवाय निघाली. 1985 मध्ये तो परत आला. पण गर्दने त्याला आधीच धरले होते. 25 जून 1988 रोजी तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते.

त्याच्या जागी आलेला फ्रुशांते अठरा वर्षांचा होता आणि हिलेलचा निस्सीम चाहता होता. 1989 च्या रेकॉर्डवर तो पुष्कळ वाजवतो, फार मोठ्याने वाजवतो. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा सगळे येते ते लिहून टाकतो. 1991 च्या ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’वर मात्र तो एकदम शहाणा झालेला दिसतो. ‘अंडर द ब्रिज’ची सुरुवात ऐकावी. गाणे आहे गायक अँथनी कीडिस याच्या एकाकीपणाचे आणि सुटलेल्या व्यसनाचे. ते इतक्या हळुवारपणे वाजवणारा मुलगा स्वतः त्याच खड्ड्याकडे निघाला होता. गाणे गाजले, गर्दी वाढली, आणि 1992 च्या मे महिन्यात जपानच्या दौऱ्यातच त्याने बँड सोडला.

पुढची पाच-सहा वर्षे हेरॉइनची. या काळाभोवती काही रसिकांनी एक दंतकथा उभी केली आहे. 1994 साली निघालेली त्याची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड व्यसनातून जन्मलेली थोर कलाकृती आहे, असे ते सांगतात. मला हे मान्य नाही. त्या रेकॉर्डचा बराचसा भाग तो बँडमध्ये असताना, म्हणजे कोसळण्यापूर्वीच ध्वनिमुद्रित झाला होता. तिच्यात जे सुंदर आहे ते त्याचे आहे, हेरॉइनचे नव्हे. 1997 ची दुसरी रेकॉर्ड तर त्याने स्वतःच पुढे बाजारातून काढून घेतली. काही ठिकाणी त्याचा आवाज असा येतो की माझा हात आपोआप नाडी बघायला जातो. यातना खरी आहे म्हणून ती कला होत नाही. वॉर्डात मी रात्र रात्र यातना ऐकली आहे. तिला कोणी टाळ्या वाजवत नाही.

जानेवारी 1998 मध्ये तो पासाडेनाच्या उपचारकेंद्रात दाखल झाला. बाहेर आल्यावर बासवादक फ्ली याने त्याला परत बोलावले. बोटांची सवय मोडली होती, ताकद गेली होती. आणि इथेच माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा क्षण येतो. 1999 च्या ‘कॅलिफोर्निकेशन’मधले ‘स्कार टिश्यू’ ऐका. स्कार टिश्यू म्हणजे जखम भरल्यावर येणारी वणाची कातडी. सुरुवातीला एक खालचा सूर, एक वरचा, आणि मधली जागा रिकामी. मग बोटात नळी घालून तारेवर घेतलेली लांब मींड. पूर्वीची चपळाई नाही, पण एकही सूर फुकट नाही. वणाची कातडी पहिल्या कातडीइतकी लवचीक नसते. केस येत नाहीत, घाम येत नाही. पण ती जखम बंद करते. हे वादन तसे आहे. गेलेले परत आणण्याचा त्यात आव नाही.

2009 मध्ये तो पुन्हा गेला. लोक म्हणाले, पुन्हा तेच! नाही. या वेळी तो ठणठणीत होता. त्याला यंत्रांवरचे इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे होते, आणि ते त्याने पुढे निष्ठेने केले. पहिले जाणे आजार होता, दुसरे जाणे निर्णय होता. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आपण फसतो.

त्याच्या जागी त्याचाच मित्र जॉश क्लिंगहॉफर उभा राहिला. सप्टेंबर 2012 मध्ये तेल अवीवच्या यार्कोन पार्कात बँड आला, तेव्हा मी मुलाबरोबर गेले होते. हिलेलच्या मायदेशात गिटार या पोराच्या हाती होती, आणि त्याने ती अदबीने सांभाळली. दहा वर्षे बदली ड्यूटी केली आणि डिसेंबर 2019 मध्ये फ्रुशांते परतताच त्याला रजा मिळाली. परतण्याचा आनंद सगळे लिहितात; ज्याने खाट रिकामी करून दिली त्याच्याविषयीही कोणी दोन शब्द लिहावेत.

या दुसऱ्या पुनर्मीलनाने 2022 या एकाच वर्षात दोन रेकॉर्डी दिल्या, प्रत्येकीत सतरा गाणी. स्पष्ट सांगते, निम्मी पुरली असती. वादन सुबक आहे, मित्र खुशीत आहेत, पण कात्री कोणी चालवली नाही. 1999 मध्ये दुर्बलतेने जो संयम शिकवला, तो सुखात सुटला.

हे सारे इथे का लिहिले? आपल्यातल्याच एका घरचा मुलगा माझ्या वॉर्डात होता. त्याची आई नातेवाइकांना सांगे की तो शिकायला परदेशी गेला आहे. तो बरा होऊन घरी गेला तेव्हाही ती हेच सांगत राहिली, आणि त्याला मात्र लांब बाह्यांचे सदरे घालायला लावी. फ्रुशांतेच्या हातांवरचे वण हजारो लोकांनी पाहिले. ते झाकून तो वाजवत बसला असता, तर ‘स्कार टिश्यू’मधली ती रिकामी जागा आपल्याला कधीच ऐकू आली नसती.