तो रिव्ह्यू लिहिला कोणी? हॉटेलांवरचा एक पेपर वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांचे चारेक हजार ऑनलाइन रिव्ह्यू गोळा केले होते. एक्सेलमध्ये लावले, शब्द मोजले, 'ग्राहकाचं समाधान कशावर ठरतं' याचे झकास आलेख काढले. सादरीकरणाच्या दिवशी गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "यातले किती जण त्या हॉटेलात खरोखर राहिले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच महिन्यांचं काम तिथेच बसलं.

तुमच्यापैकी जे पर्यटन किंवा हॉटेल व्यवसायावर सिनॉप्सिस लिहीत आहेत, त्यांना रिव्ह्यूंचा मोह होणारच. डेटा फुकट आहे, भरपूर आहे आणि घरबसल्या मिळतो. पण त्याआधी डीना मेझलिन, यानिव डोव्हर आणि जुडिथ शेव्हॅलिए यांचा २०१४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला पेपर वाचा. विषय आहे हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू. मला तो आवडतो. तरी त्यातला एक भाग मला कच्चा वाटतो. दोन्ही सांगते.

अडचण अशी, की नीट लिहिलेला खोटा रिव्ह्यू अगदी खऱ्यासारखाच दिसतो. वाचून ओळखता आला, तर तो लिहिणारा कच्चा म्हणायचा! म्हणून हे संशोधक 'हा रिव्ह्यू खोटा' असा शिक्का एकाही रिव्ह्यूवर मारत नाहीत. ते वेगळंच विचारतात: खोटं लिहिणं कुठे स्वस्त आहे? आणि त्यात फायदा कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन साइट्सच्या नियमांत मिळतं. त्या काळी ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कोणीही खातं उघडून लिहू शकत होतं. एक्स्पीडियावर मात्र तिथूनच खोली बुक केलेल्यालाच लिहिता येई. म्हणजे एका साइटवर खोटेपणा जवळपास फुकट, दुसरीवर एका रात्रीचं भाडं मोजून. हॉटेल मात्र तेच.

दुसऱ्याचं उत्तर मालकीत आहे. एकच स्वतंत्र हॉटेल असलेल्या छोट्या मालकाला खोट्या कौतुकाचा सगळा फायदा स्वतःच्या खिशात घालता येतो. मोठ्या साखळीतलं हॉटेल पकडलं गेलं, तर डाग साऱ्या ब्रँडला लागतो. शिवाय शेजारी हॉटेल असेल, तर त्याला नावं ठेवण्यातही फायदा आहे. शेजारी म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आतला.

आता गणित बघा. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त कल्पना यावी म्हणून. समजा, एका हॉटेलच्या शेजारी छोट्या मालकाचं स्वतंत्र हॉटेल आहे. त्याचे एक-दोन तारेवाले रिव्ह्यू ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर २० टक्के, एक्स्पीडियावर १२ टक्के. फरक ८. दुसरं हॉटेल एकटंच उभं आहे. तिथे १५ आणि १२, म्हणजे फरक ३. दोन्ही साइट्सवर येणारी माणसं मुळातच वेगळी असतील, एकीकडची जास्त कुरकुरी असतील, तर तो परिणाम दोन्ही हॉटेलांवर सारखाच पडेल. तो वजा झाला. उरलेल्या ५ टक्क्यांचा संशय शेजाऱ्यावर. यालाच आपण वर्गात 'डिफरन्स-इन-डिफरन्सेस' म्हणून घोकतो. इथे ते पहिल्यांदा मला खरं कळलं.

अमेरिकेतल्या सुमारे तीन हजार हॉटेलांवर त्यांनी हे करून पाहिलं. शेजारी हॉटेल असेल, आणि त्यातही ते छोट्या मालकाचं स्वतंत्र हॉटेल असेल, तर ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरचे वाईट रिव्ह्यू एक्स्पीडियाच्या तुलनेत वाढलेले दिसले. तसंच छोट्या मालकांच्या स्वतंत्र हॉटेलांना तिथे पाच तारे जास्त मिळालेले दिसले.

इथे जरा थांबा, कारण ही दोन निरीक्षणं एकाच तोलाची नाहीत. पेपरचा हवाला देणारे बहुतेक जण ती एका दमात सांगतात, तिथेच चूक होते. पाच ताऱ्यांचा पुरावा मला कच्चा वाटतो. छोटं, घरगुती हॉटेल ट्रिपअ‍ॅडव्हायझर वाचणाऱ्या हौशी प्रवाशाला खरोखरच जास्त आवडत असेल, तर? मग फरक खोटेपणाचा नाही, आवडीचा. साइटची माणसं आणि हॉटेलचा प्रकार यांची जोडी जमली, की आपली वजाबाकी ती पकडू शकत नाही. शेजाऱ्याचा पुरावा मात्र भक्कम आहे. माझ्या खोलीतली गादी कशी आहे, हे शेजारच्या हॉटेलचा मालक कोण यावर ठरत नाही. तरीही माझे वाईट रिव्ह्यू त्याच्या मालकीनुसार बदलत असतील, तर दुसरं स्पष्टीकरण शोधणं अवघड जातं.

तुलनेसाठी मायकल लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांचा २०१६चा पेपर बघा. त्यांनी रेस्टॉरंटांसाठी येल्पने स्वतःच संशयित म्हणून बाजूला काढलेले रिव्ह्यू, सुमारे १६ टक्के, खोटेपणाचं माप म्हणून घेतले. काम सोपं झालं, पण साइटची चाळणी बरोबर चालते यावर विश्वास ठेवावा लागला. मेझलिन मंडळींना तो ठेवावा लागला नाही.

मग हीच पद्धत उचलून महाबळेश्वर किंवा मालवणला लावायची का? नाही. अमेरिकेत साखळी आणि स्वतंत्र हॉटेलं शेजारी शेजारी भरपूर आहेत, मालकी कोणाची हे शोधता येतं. आपल्याकडच्या अशा गावांत बहुतेक धंदा स्वतंत्र मालकांचा, घरगुती निवासांचा. तुलनेची एक बाजूच लंगडी. पद्धत उचलू नका, प्रश्न उचला: या साइटवर लिहायला काय लागतं, आणि इथे खोटं लिहून कोणाला काय मिळतं? भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे प्रत्येक साइटचा नियम काय आणि तो कधी बदलला, हे तुम्हालाच तपासावं लागणार.

माझं पुढे काय झालं? चार हजारांतले जे रिव्ह्यू बुकिंगशिवाय लिहिता येणाऱ्या साइटवरचे होते, ते वेगळे काढले. दोन्ही प्रकारच्या साइट्सवर असलेली फक्त ३१ हॉटेलं उरली. आलेख आता पूर्वीसारखे झकास दिसत नाहीत. पण मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर निदान उत्तर देता येईल.